काजूचा सीझन घरच्या माणसांनी काढायचा तर: झाडाखालच्या सफाईपासून पोतं विकेपर्यंत कामाचा क्रम

फेब्रुवारी संपत आला की घरोघरी तेच सुरू होतं. कुणीतरी म्हणतं रविवारी सगळेच भाटात, म्हणजे काजूच्या बागेत, जाऊया, पणजी-वास्कोची मंडळी गाड्या काढून येतात, दुपारपर्यंत नुसता गोंधळ, अर्ध्या बोंडूंची (काजूच्या रसाळ फळांची) बी काढायचीच राहते, काढलेली बी ओलीच पोत्यात जाते, आणि पंधरा दिवसांनी व्यापारी त्या पोत्यात हात घालून मूठभर बी बाहेर काढतो, नखाने दाबून बघतो आणि भाव पाडतो. मग सगळ्यांचा राग व्यापाऱ्यावर. माणसं कमी नसतात हो, कष्टही कमी नसतात, क्रम चुकलेला असतो. खाली जो क्रम दिलाय तो गोव्यातल्या सत्तरी, पेडणे, डिचोलीकडच्या डोंगरउतारावरच्या भाटांना धरून आहे, सपाट जागा असेल तर काही गोष्टी सोप्या होतील एवढंच.

१. आधी घरात बसून ठरवा (डिसेंबर-जानेवारी)

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात आणि भांडणं इथूनच सुरू होतात. भाट बहुतेक वेळा वाटणी न झालेलं असतं, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव, राबणारे दोन भाऊ आणि हक्कदार सात. तेव्हा झाडाला मोहोर दिसायला लागला की एकदा सगळ्यांनी बसायचं, फोनवर असेल तर फोनवर, पण बोलून घ्यायचं.

ठरवायचं काय? यंदा पाळी कुणाची की सगळ्यांनी मिळून काढायचं. रोजच्या रोज जाणार कोण आणि फक्त रविवारी येणार कोण. दोघांचा वाटा सारखा नसणार हे आताच तोंडावर बोलून टाका, एप्रिलात बोललात तर ते टोमण्यासारखं लागतं. कृषी खात्याचं कृषी कार्ड कुणाच्या नावावर आहे तेही बघा, कारण आधारभूत किमतीचे पैसे त्याच माणसाच्या बँक खात्यात जाणार, आणि "काकाच्या खात्यात आले म्हणजे काकाचे झाले" असा घोळ अनेक घरांत होतो. कार्ड नसेल किंवा मुदत संपली असेल तर विभागीय कृषी कार्यालयात आत्ताच जाऊन या, सीझनमध्ये कुणाला वेळ नसतो.

एक वही करा. तारीख, कोण आलं, किती किलो बी, किती डबे बोंडू, बस्स. मोबाईलच्या ग्रुपवर हिशेब ठेवू नका, गुड मॉर्निंगच्या फुलांखाली तो हरवतो.

तपासा: मोठ्या मुलांची शाळा आता एप्रिलातच सुरू होते, त्यामुळे "पोरं सुट्टीत करतील" हा जुना हिशेब चालत नाही. मार्चमध्ये परीक्षा आणि शिगमो. म्हणजे ऐन भरात हाताशी खरी माणसं किती, ते कॅलेंडर समोर घेऊन मोजा.

२. झाडाखालची सफाई

वेळ महत्त्वाची. फार लवकर, म्हणजे पावसाळा संपल्या संपल्या केली तर रान परत वाढतं. फार उशिरा, म्हणजे बोंडू पडायला लागल्यावर केली तर पाचोळ्याबरोबर बीसुद्धा ओढली जाते. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य, या दरम्यान कधीही करा, पहिली पडझड व्हायच्या आत.

कोयता मारणारा एक, मागून झाडू-पंजाने ओढणारे दोन, आणि काटे-फांद्या बाहेर नेणारा एक, अशी चौघांची टोळी बरी पडते. सगळ्यांनी कोयते घेऊन एकाच झाडाखाली घुसायचं नाही. फांद्यांचा घेर जिथपर्यंत जातो त्याच्या हातभर बाहेरपर्यंत जमीन मोकळी हवी.

उतारावर बोंडू गडगडत खाली जातात, हे ठाऊक असून दरवर्षी लोक विसरतात. घेराच्या खालच्या अंगाला तोडलेल्या फांद्या आणि दगडांचा गुडघ्याएवढा आडोसा रचा, बी तिथे अडते. आडोसा पाचोळ्याचा करू नका, त्यात बी शोधणं नको होतं आणि पाचोळ्यात आणखी काय काय असतं ते पुढे येईलच.

जपून: गोळा केलेला पाचोळा पेटवायचा नाही. "थोडासाच आहे, बघत उभा राहतो" असं म्हणून लावलेली आग वाऱ्यावर डोंगर चढते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासकट गोव्यात ठिकठिकाणी डोंगर पेटले होते ते आठवत असेल. पाचोळा खड्ड्यात टाका, कुजून खत होईल. उलट रस्त्याच्या आणि हद्दीच्या बाजूने दोन-तीन मीटरचा पट्टा गवत काढून पूर्ण उघडा ठेवा, म्हणजे शेजारच्या भाटातली आग आत येणार नाही.

सफाई करतानाच प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी वाकून बघा. भुसा पडलेला दिसला किंवा डिंक गळत असला तर खोडकिडा आत गेलाय. साल थोडी तासून अळी बाहेर काढावी लागते, आणि झाड पिवळं पडायला लागल्यावर काढून फार उपयोग नसतो. कोवळी पालवी आणि मोहोर जळल्यासारखा करपला असेल तर ते बहुतेक वेळा ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीचं काम, त्यावर औषध कुठलं आणि कधी हे कृषी कार्यालयात करपलेली फांदी नेऊन दाखवून विचारा. दुकानदार देईल ते मारू नका, मोहोरावर मधमाश्या असतात.

३. भाटात शिरण्याआधी: साप, गोचीड आणि माकडताप

हा भाग लोक वाचत नाहीत म्हणून जरा लांब लिहितोय.

पायात बूट, निदान घोट्याच्या वर येणारे. चपलेवर कुणीही येणार नाही, पाहुणाही नाही. हातात काठी, आणि झाडाखाली शिरताना आधी काठीने जमीन ठोकत जायचं, हात नंतर. घोणस आणि फुरसं दोन्ही सुक्या पाचोळ्याच्या रंगात मिसळून जातात. बोंडू दगडाच्या कपारीत किंवा झुडपात गेला तर काठीने बाहेर ओढा, हात घालू नका, एका बीसाठी तर मुळीच नाही. चावा झालाच तर दोरी आवळणं, कापणं, चोखणं यातलं काही करायचं नाही, माणसाला शक्यतो चालवायचं नाही, १०८ ला फोन आणि सरळ हॉस्पिटल.

दुसरी गोष्ट गोचीड. सत्तरीत २०१५ पासून गोचिडीमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडतायत, काहींचा जीवही गेलाय, आणि हा ताप पसरण्याचा काळ नेमका काजूचाच. गोचीड पाचोळ्यातून अंगावर चढते. म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, पॅन्टचे पाय मोज्यात खोचलेले, आणि आरोग्य खात्याकडून मिळणारं गोचीड-प्रतिबंधक तेल हातापायांना चोळून मगच आत शिरायचं. वाळपईच्या आरोग्य केंद्रात त्याची चौकशी करा. दमलं की पाचोळ्यावर बसकण मारायची सवय मोडा, घरून प्लास्टिकची खुर्ची किंवा स्टूल न्या, कुणी हसलं तर हसू दे. घरी आल्या आल्या कपडे गरम पाण्यात, स्वतः गरम पाण्याने अंघोळ, आणि एकमेकांची मान, कानामागची जागा, काखा तपासायच्या. गोचीड सापडली तर बोटांनी चिरडायची नाही.

जपून: भाटात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, पुरू पण नका, त्या दिवशी काम थांबवा आणि आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. आणि काजूच्या दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकायला लागलं तर "ऊन लागलं असेल" म्हणून घरी पॅरासिटामॉल खात बसू नका, डॉक्टरला सांगा की भाटात जात होतो.

४. उचलणं

सकाळी उजाडलं आणि जमीन नीट दिसायला लागली की सुरुवात, दहापर्यंत संपवायचं. अंधारात बॅटरी घेऊन जायची हौस करू नका, गवे पहाटे बोंडू खायला आलेले असतात.

माणसं झाडांप्रमाणे वाटा, घाईप्रमाणे नको. म्हणजे वरची आठ झाडं वहिनी आणि तिच्या लेकीची, मधली दादाची, असं ठरलेलं असलं की कुठलं झाड राहिलं ते लगेच कळतं. सगळे एकत्र फिरले की भरघोस झाडाखाली गर्दी होते आणि कोपऱ्यातल्या झाडाकडे कुणी फिरकत नाही. उतारावर वरून खाली यायचं, पायाने गडगडलेला बोंडू मग न उचललेल्या भागातच जातो. लहान मुलं फक्त साफ केलेल्या घेरात, आणि नजरेच्या टप्प्यात.

प्रत्येकाकडे दोन बादल्या. एकीत ताजे, न फुटलेले बोंडू, ते निऱ्यासाठी, म्हणजे बोंडूच्या रसासाठी. दुसरीत फुटलेले, किडलेले, माकडांनी चावलेले, त्यांची फक्त बी घ्यायची. ही वर्गवारी उचलतानाच करा. घरी आल्यावर करू म्हणाल तर तोवर बादलीच्या तळाचे बोंडू रस सोडून बसलेले असतात. टोकाला खिळा ठोकलेली लांब काठी असली की वाकावं लागत नाही, आत्या-काकांना तर हीच द्या, फक्त खिळा बोंडूत घुसवा, बीत नको.

सगळ्यात मोठी चूक: झाड हलवणं आणि फळ ओढून काढणं. माकडं नेतात, शेजारी नेतो, म्हणून लोक पिवळा दिसला की खेचतात. काजूचं असं आहे की बी आधी वाढते आणि बोंडू शेवटच्या दिवसांत फुगतो, त्यामुळे बोंडू मोठा दिसला म्हणजे आतला गर भरला असं नसतं. झाडाने स्वतः टाकलेल्या फळाचीच बी पूर्ण भरलेली असते. ओढलेली बी सुकल्यावर हलकी पडते, सुरकुतते, आणि चांगल्या पोत्यात मिसळली की सगळ्या पोत्याचा भाव घालवते.

तपासा: बोंडू विकायचे असतील तर रोज जायलाच हवं, दुसऱ्या दिवशीचा बोंडू फेणी गाळणारा भट्टीवाला घेत नाही किंवा नावाला पैसे देतो. फक्त बी हवी असेल आणि आभाळ कोरडं असेल तर दोन-तीन दिवसांआड चालतं. फक्त रविवारी जाणाऱ्यांनी मधल्या दिवसांसाठी गावातल्या कुणाला तरी अर्धलीवर (अर्ध्या वाट्यावर) लावावं, साळिंदर आणि रानडुकराला वाटा देण्यापेक्षा ते परवडतं.

५. बी काढणं, त्याच दिवशी

दुपारी जेवून सावलीत बसून करायचं हे काम, आजीला पण जमतं आणि गप्पाही होतात. बोंडू डाव्या हातात, बी उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत, ओढायची नाही, पिरगळायची. नीट पिरगळली तर जोडाशी टक् करून सुटते आणि बीच्या डोक्यावर गर राहत नाही. नुसती ओढली की बोंडूचा लगदा बीला चिकटून येतो, तो वाळत नाही, मुंग्या लागतात आणि तिथेच बुरशी धरते. पिरगळून जमत नसेल तर नायलॉनचा दोरा जोडावर गुंडाळून ओढा, साफ कापलं जातं. जुने कपडे घाला, बोंडूच्या रसाचा डाग कुठल्याच पावडरने जात नाही.

बोंडू संध्याकाळच्या आत भट्टीवर पोचले पाहिजेत. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, तासा-दोन तासांत गरम होऊन आंबायला लागतात. टोपली किंवा उघडा क्रेट बरा. माप डब्यावर असेल तर डबा कुठल्या आकाराचा ते आधी बघून घ्या! घरी प्यायला निरो काढायचा असेल तर फक्त ताजे, धुतलेले बोंडू, फडक्यातून गाळा, थंड करा आणि त्याच दिवशी संपवा. हुर्राक-फेणी (बोंडूची दारू) घरी गाळायची म्हणाल तर अबकारी खात्याचा परवाना लागतो, तेव्हा भट्टीवाल्याला बोंडू देऊन मोकळं व्हा.

६. वाळवणं

सगळा सीझन इथे कमावला जातो किंवा घालवला जातो.

आधी बी पाण्यात टाका, माती-रस धुतला जातो आणि पोकळ, न भरलेली बी वर तरंगते. तरंगणारी बाजूला, तिचा ढीग शेवटपर्यंत वेगळाच राहणार. बुडालेली लगेच उपसा, भिजत ठेवायची नाही, पाणी निथळू द्या.

पसरायला सिमेंटचं अंगण किंवा गच्ची उत्तम. निळ्या ताडपत्रीवर घालत असाल तर लक्षात ठेवा की ताडपत्रीखालून ओल येत नाही हे खरं, पण बीतून सुटलेलं पाणीही तिच्यावरच बसून राहतं, म्हणून वारंवार हलवावं लागतं. एकच थर. बीवर बी नको. दिवसातून तीन-चार वेळा पायाने किंवा लाकडी फावड्याने उलथायची, आणि हे काम एकाच माणसाला नेमून द्या, "कुणीतरी हलवेल" म्हटलं की कुणीच हलवत नाही. सूर्य कलला की ढीग करून आत घ्यायची किंवा गोणपाटाने झाकायची. रात्रभर उघड्यावर राहिली तर दव पडून दिवसभराचं वाळवण फुकट.

कडक ऊन असेल तर दोन ते तीन दिवस पुरतात. काढताना बीत साधारण २५ टक्के ओल असते, ती ८-९ टक्क्यांवर यायला हवी. घरात कुणाकडे मशीन नसतं, म्हणून हे बघा: अंगठ्याचं नख बीच्या पोटावर दाबा, खूण उमटली तर अजून एक दिवस. मूठभर बी कानाशी हलवा, वाळलेली खडखडते, ओली गप्प बसते. हिरवट झाक जाऊन रंग करडा झाला पाहिजे. दाताने फोडून बघायचं नाही, टरफलातल्या तेलाने ओठ भाजतात आणि आठवडाभर त्रास होतो.

आता नेहमीचा प्रश्न, वाळवली की वजन घटतं, मग तोटा नाही का? हिशेब करा. १०० किलो ओल्या बीत ७५ किलो सुका भाग, तो ९ टक्के ओलीवर आणला की साधारण ८२ किलो भरते. म्हणजे १८ किलो गेली, ती पाण्याची. ओल्या बीला सुकीच्या भावापेक्षा १८ टक्क्यांहून कमी कट लागत असेल तर ओली विकलेलीच बरी, मी तरी विकेन. पण एवढा उदार व्यापारी सापडणं कठीण, आणि ओल्या बीत थांबायची सोय नसते, तो म्हणेल तो भाव त्याच दिवशी घ्यावा लागतो. सुकी पोत्यात असली की तुम्ही थांबू शकता. वाळवण्याचा खरा फायदा हाच.

जपून: एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी अचानक सर येते. भिजलेली बी काळी पडते आणि तो डाग नंतर कितीही वाळवा, जात नाही. घरी कुणी नसेल त्या दिवशी पसरून जाऊ नका.

७. छाटून पोत्यात भरणं

वाळलेली बी सावलीत पूर्ण गार होऊ द्या, गरम भरली तर पोत्यात घाम सुटतो. भरण्याआधी काळी, सुरकुतलेली, भोकं पडलेली वेगळी काढा. पोती तागाची, कोरडी. खताच्या प्लास्टिक गोण्या नकोत, आत हवा खेळत नाही. प्रत्येक पोत्यावर वाळवल्याची तारीख लिहून चिठ्ठी बांधा, आणि कालचं अर्धं पोतं आजच्या बीने भरून काढू नका, एकात ओल राहिली तर दोन्ही गेली. पोती फळ्यांवर ठेवायची, भिंतीपासून वीतभर लांब, थेट जमिनीवर कधीच नाही. रॉकेल, खत, औषधाच्या बाटल्या त्या खोलीत नकोत. पाऊस सुरू होईपर्यंत भावाची वाट बघत बसण्यात मला तरी अर्थ वाटत नाही, जूनमधली हवा वाळलेली बी परत दमट करते.

८. विक्री आणि वाटणी

घरच्या ताणकाट्यावर आधी वजन करा, वहीत लिहा, मग गाडीत घाला. भाव आठवड्याआठवड्याला हलतो, म्हणून सगळी एकदम न देता दोन-तीन खेपांत द्या आणि जाण्याआधी दोन ठिकाणी फोन करा. बागायतदारांच्या सहकारी सोसायटीत आणि खासगी व्यापाऱ्याकडे काय चाललंय ते दोन्ही विचारायचं.

बिलाशिवाय विकू नका. बाजारभाव आधारभूत किमतीखाली गेला तर फरकाचे पैसे सरकारकडून मिळतात, पण त्यासाठी नोंदणीकृत संस्थेचं बिल लागतं आणि बिलावरचं नाव कृषी कार्डावरच्या नावाशी जुळावं लागतं. मुलगा पोतं घेऊन गेला आणि बिल त्याच्या नावावर झालं, कार्ड बापाचं, की मग खेपा घालत बसा. यंदाची किंमत आणि अर्जाची शेवटची तारीख कृषी कार्यालयातच विचारा.

पैसे आले की त्याच दिवशी वही उघडून आधी खर्च वजा करायचा, सफाईची मजुरी, पेट्रोल, पोती, आणि उरलेल्याची ठरल्याप्रमाणे वाटणी. रविवारी येऊन चार बोंडू उचलून फोटो काढणाऱ्या पुतण्याचं नावही वहीत असेल, त्याचा वाटा किती ते डिसेंबरात ठरलंय, आता वाद नाही.

९. घरची बी भाजायची असेल तर

चतुर्थीला घरचे काजू हवेत म्हणून थोडी बी सगळेच ठेवतात. भाजणं अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, मुलं लांब. तापल्यावर टरफलातलं तेल उडतं आणि पेट घेतं, धूर डोळ्यांना झोंबतो. लांब दांड्याचं जुनं भांडं वापरा, ज्यात परत कधी स्वयंपाक करायचा नाही. पेटलेली बी खाली ओतून वर माती किंवा राख टाकायची, पाणी नाही. फोडताना हातांना खोबरेल आणि राख चोळा आणि त्या हाताने डोळे पुसू नका.

१०. मेच्या शेवटी

वाळलेल्या आणि एकमेकींवर चढलेल्या फांद्या पाऊस लागायच्या आत काढा. मेलेल्या झाडाच्या जागी नवीन लावायचं असेल तर पोत्यातली बी रुजवू नका, बीपासून आलेलं झाड कसं निघेल याचा भरवसा नसतो. कलमं घ्या, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ किंवा गोवा-१. कृषी खात्याच्या रोपवाटिकेत आणि जुन्या गोव्याच्या आयसीएआर कृषी संशोधन केंद्रात कलमांची चौकशी मेमध्येच करून ठेवा, जुलैत गेलात तर उरलेली वाकडीतिकडी मिळतात. दोन कलमांत सात-आठ मीटर अंतर, आणि खड्डे पाऊस पडायच्या आधी मारून ठेवा, पोरं अजून गावात असतील तोवर.